शेजारच्यांचं मडकं

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात चांगुणा नावाची कोळीण राहत असे. तिचा हात सढळ होता आणि जीभ धारेची. नवरा धर्मा होडी घेऊन समुद्रावर जाई. जाळ्यात जे येई त्यातलं चांगलं आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि उरलेलं बाजारात, असा तिचा रिवाज होता.

एका वर्षी तिच्या शेजारचं रिकामं घर एका तेल्याने घेतलं. त्याचं नाव हसाजी, बायकोचं रिबका. कडेवर एक लहान मुलगा. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, होते. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी ते घाणा बंद ठेवत, चूलही पेटवत नसत. त्यावरून गाव त्यांना शनवारतेली म्हणू लागलं.

"त्या घरात बैलाची मजा आहे बुवा," पारावर कुणीतरी म्हणे.

"बैलाची काही तक्रार नाही," हसाजी हसत म्हणे. "तुमच्या बैलाला विचारून बघा."

पहिल्याच अमावास्येला धर्माने मांसाने भरलेले खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, आणल्या. चांगुणाने त्यांतल्या मोठ्या निवडल्या, नारळाच्या वाटणात झणझणीत शिजवल्या आणि ताट झाकून रिबकाच्या दारात गेली. रिबकाने ताट दोन्ही हातांनी घेतलं. "एवढं कशाला?" म्हणाली. चांगुणा खुशीत घरी आली.

चार दिवसांनी विहिरीवर गोदू कुंभारीण भेटली. "चांगुणे, चिंबोऱ्या काय भरलेल्या होत्या गो तुझ्या! शेजारणीने आम्हाला दिल्या. त्यांनी चाखल्यासुद्धा नाहीत."

चांगुणाच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या हातचं त्या घराला चालत नाही, एवढाच अर्थ तिने काढला.

"तू आधी विचारायचं होतंस," धर्मा म्हणाला.

"देणाऱ्याने विचारायचं असतं? पान वाढायला कुणी परवानगी मागतं?"

त्या दिवसापासून तिने शेजारी बघणं सोडलं. दिव्याचं तेलसुद्धा ती पलीकडच्या गावाहून आणू लागली. रिबका एकदा खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली, तर चांगुणाने त्या दारातूनच परत केल्या. "आमच्याकडे गोड खात नाहीत," म्हणाली. आत बसलेल्या धर्माने नेमका तेव्हाच चहाला गूळ मागितला. रिबका वड्या घेऊन परत गेली.

अशी चार वर्षं गेली.

मग एका सकाळी हसाजी घाण्यापाशी कोसळला तो उठलाच नाही. रिबकाचा भाऊ शिमोन बैलगाडी घेऊन आला. आसपासच्या गावांतून त्यांची माणसं धावत आली, दुपारी माती देऊन आपापल्या वाटेने परतली. गावकरी दूर उभे राहून बघत होते. कुणी वाईट नव्हतं. त्यांच्या रीती वेगळ्या, आपल्या हातून काही चुकायला नको, असं जो तो म्हणत होता. असं म्हणत सगळे घरी गेले.

दोन घरांमध्ये कुडाची भिंत होती. पलीकडचं बोलणं चांगुणाला ऐकू येत होतं.

"ताई, मातीहून आल्यावर पहिला घास शेजाऱ्याच्या घरचा लागतो," शिमोन म्हणत होता. "इतकी वर्षं राहिलीस इथं. कोण आलं दारात?"

"येतील," रिबका म्हणाली.

"कधी?"

त्यावर शिमोनच पुढे म्हणाला,

"सुतकाचे सात दिवस झाले की घाणा विकू आणि गाडी भरू. इथं तुझं कोणी नाही."

चांगुणा ऐकत उभी राहिली. पहिला घास शेजाऱ्याचा, ही रीत तिच्याही लोकांत होती. तिचे सासरे गेले तेव्हा तिच्या घरी किती घरांतून भात आला होता. तिच्या चुलीवर कालवण रटरटत होतं. तिने ताट घेतलं, वाढायला पळी उचलली आणि तिचा हात थांबला. हे तरी चालेल का त्यांना? तिला माहीत नव्हतं. चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही माहीत नव्हतं. न विचारता वाढलेलं ताट आज परत कुंभाराच्या घरी गेलं, तर रिबका खरोखरच गाडीत बसून निघून जाईल. आणि विचारायचं, तर त्याच उंबऱ्यावर जाऊन उभं राहायचं.

पळी खाली ठेवून ती निघाली.

रिबका जमिनीवर बसली होती. चांगुणा दारातूनच म्हणाली, "रिबका, तुमच्यात आज काय खातात? आणि काय चालत नाही? दोन्ही सांग."

रिबकाने वर पाहिलं. "उकडलेली अंडी. मसुराची आमटी," ती हळू आवाजात म्हणाली. "चिंबोरी आमच्या धर्मात नाही. कोळंबीही नाही. खवलं असलेली मासळीच तेवढी आम्ही खातो."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेने आणलंत. तुमचं मन मोडवेना."

"ते मोडलंच की, बाय."

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"नाही विचारलं," चांगुणा म्हणाली. हे वाक्य बोलायला तिला चार वर्षं लागली होती. "आणखी काही असेल तर आत्ताच सांग."

रिबका अडखळली. "ज्या भांड्यात चिंबोरी शिजते, त्या भांड्यातलंही आम्हाला चालत नाही."

चांगुणाच्या घरात चिंबोरी न शिजलेलं एकही भांडं नव्हतं. तिला ते टोचलं. तोंडापर्यंत आलेलं उत्तर तिने गिळलं. "बरं," एवढंच म्हणून ती वळली आणि तरातरा निघून गेली.

"बघितलंस?" शिमोन म्हणाला.

चांगुणा थेट गोदूकडे गेली. "एक नवं मडकं दे. मातीचं झाकणही दे."

"कुणासाठी गो? शेजारणीसाठी? तिला तुझी चिंबोरी चालली नाही, तुझ्या हातचं दुसरं काही चालेल होय?"

"ते तिला विचारून आलेय मी. तू मडकं दे, सल्ला देऊ नकोस."

वाटेत तिने करवंटीची कोरी डवली, म्हणजे पळी, घेतली. घरी येऊन कालवण खाली उतरवलं, चूल सारवली, मडकं धुतलं, मसूर शिजवले आणि त्या आमटीतच अंडीही उकडली. धर्मा कालवणाची वाट बघत होता, त्याला तिने सांगितलं की आज घरातलं उशिरा होईल. मडकं पदराखाली धरून ती शेजारी गेली. या वेळी ती आत गेली, रिबकाच्या बाजूला जमिनीवर बसली. पहिला घास तिने आपल्या हाताने तिला भरवला. रिबकाने तो खाल्ला. मग इतका वेळ न आलेलं रडू तिला आलं. शिमोन उठून बाहेर गेला आणि बैलांना पाणी पाजत बराच वेळ उभा राहिला.

चांगुणा गेलेली बघून दुसऱ्या दिवसापासून गावातल्या इतर बायका येऊ लागल्या. येण्याआधी जी ती चांगुणाच्या दारात थांबून विचारी, काय आणू, कशातून आणू? सात दिवस झाले तेव्हा शिमोनची गाडी रिकामीच परत गेली. घाणा रिबकाने चालू ठेवला. पुढे तो तिच्या मुलाने चालवला.

ते मडकं कधीच फुटलं. त्या जागी दुसरं आलं, मग आणखी एक. चांगुणाचे केस पांढरे झाले, घरात सून आली. सुगंधा तिचं नाव. एका सकाळी कोळंबी शिजवायला तिने फळीवरचं मडकं खाली काढलं.

"त्याला हात नको लावू," चांगुणा म्हणाली.

"फुटलंय का?"

"शेजारच्यांचं आहे."

"मग देऊन येते."

"द्यायचं नाही. ते इथंच असतं. त्यांच्यासाठी काही करायचं झालं तर त्यात करायचं."

सुगंधाने मडकं जपून परत ठेवलं. "आणि आपल्यासाठी त्यांच्याकडे असं काही आहे?"

"ते तू त्यांना विचार. नव्या सुनेला काय आवडतं, काय चालत नाही, म्हणून रिबका मला परवापासून विचारतेय. मी म्हटलं, मला काय ठाऊक, तिलाच विचार."

सुगंधाने हात पुसले, पदर सारखा केला आणि ती शेजारच्या घरी गेली.

तात्पर्य: देणाऱ्याने मायेबरोबर चौकशीही करावी आणि घेणाऱ्याने संकोच सोडून खरं सांगावं, एकमेकांच्या रीती विचारून जपल्या की शेजार पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.