पिराच्या उतारावरची मोकळी गाडी

“…ते सगळं झालं, उस्ताद. आता एवढंच सांगा. साखळी बसवू, की पट्टा?”

असं म्हणून जिनेंद्र मगदूमनं पोतं जमिनीवर उपडं केलं. एका बाजूला तेलकट, नवी कोरी साखळी पडली, दुसऱ्या बाजूला दातेरी रबरी पट्टा.

बाबालाल उस्तादांनी दोन्हींकडं पाहिलं आणि बशीतला चहा फुंकला.

अर्ध्या जिल्ह्यातल्या शर्यतीच्या गाड्या एके काळी या उस्तादांच्या हाताखालून गेल्या. मग एक दिवस त्यांनी आपली सगळी हत्यारं शिष्यांना वाटून टाकली आणि पिराच्या डोंगरावर, दर्ग्यामागच्या चिंचेखाली येऊन राहिले. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, “खाली लई आवाज होता.” जिनेंद्र त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं, हीच पंचाईत!

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की चिंचेचा बुंधा दिसत होता, फांद्या नव्हत्या. झाड नुसतं कमरेपर्यंतच. उस्तादांच्या चहापाण्यासाठी मी तिथंच राहायचो. मी चूल फुंकत होतो आणि धूर कुठं संपतो, धुकं कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं.

समोर त्याची तीनचाकी मोटार उभी होती. टेम्पोत घालून आणलेली. पुढं दोन चाकं, मागं एक, पाठीशी मोटारसायकलचं इंजिन. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत मात्र मधे मोकळी जागा, चाक फिरवणारी साखळी किंवा पट्टा बसायची. दिवाळीपासून तेवढंच राहिलं होतं.

आत त्याची धाकटी बहीण बसली होती, वासंती. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेलेले. गाडी तिच्यासाठीच, सगळी हातानं चालणारी. घाटाखालच्या गावात तिला वाचनालयात नोकरी लागली होती. उद्या हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जायची. आजवर ती कुठंही गेली ती दादाच्या पाठीवर, नाहीतर दादाच्या गाडीवर.

“सांगा की, उस्ताद,” जिनेंद्र म्हणाला. “साखळी तुटली तरी रस्त्यात जोडता येते. पण तिला सारखं तेल लागतं. हिनं वाकून तेल कसं घालायचं? पट्ट्याला तेल नको, काही नको, गप चालतो. पण घाटात सगळी खडी. एक खडा आत गेला की पट्टा फाटला, आणि तो काही रस्त्यात जोडता येत नाही. मग ही एकटी घाटात…”



“मग साखळी घाल,” उस्ताद म्हणाले.

“पण तेल?”

“मग पट्टा घाल.”

“पण खडी?”

“बरं,” म्हणून उस्तादांनी चहा संपवला.

दर्ग्यावरचं हिरवं निशाण मधेच दिसायचं, मधेच विरघळायचं.

“मोकळी फिरवलीस?”

उस्तादांच्या कारखान्यातली ही रीत होती. इंजिन चाकाला जोडायच्या आधी गाडी एकदा उतारावरून मोकळी सोडायची. चाकं सरळ धावतात का, ते बघायला. जो ती चालवणार, त्यानंच आत बसायचं. बनवणाऱ्यानं हात लावायचा नाही.

“फिरवली की.”

“आत कोण बसलं होतं?”

“…मीच.”

“वा रे पठ्ठ्या!”

वासंतीला हसू आलं. दादानं डोळे वटारले तशी तिनं मान खाली घातली, पण हसू काही तिला आवरेना.

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि गाडीपाशी गेले.

“ब्रेक बघितलास का, पोरी?”

“बघितला, उस्ताद. आल्यापासून तेच तर करतेय.”

“रस्ता सरळ खाली उरसाच्या मैदानात जातो. तिथं आपोआप थांबशील. भीती वाटते?”

“वाटते की.”

“जाशील?”

“जाते.”

जिनेंद्र आडवा आला. “अहो उस्ताद, काय चाललंय? एवढं धुकं! थांबा, मी बसतो हिच्याशेजारी.”

“बैठका किती केल्यास गाडीत?”

बैठक एकच होती, त्यानंच केलेली.

उस्तादांनी तळहात मागच्या पत्र्यावर टेकवला. ढकललं असंही म्हणता येणार नाही, निरोप देताना पाठीवर हात ठेवावा तसा ठेवला.

गाडी हलली.

ना इंजिन, ना साखळी, ना पट्टा. ती जमिनीवरून चाललीय की धुक्यावरून, हेच समजेना. आधी पुढची चाकं नाहीशी झाली, मग वासंतीचे हात, मग तिची वेणी. धुक्यानं तिला अलगद कडेवर घेतलं… आणि रस्ता रिकामा झाला.

“वासू!”



जिनेंद्र चार पावलं धावला आणि थबकला. कान टवकारून उभा राहिला. इंजिनाला कान लावून कोणता नट ढिला आहे ते सांगणारा हा माणूस. पण ऐकायला तिथं काही नव्हतंच. चिंचेवरून दवाचा एक थेंब पडला तेवढाच.

तो वळला. चेहरा पांढराफटक.

“उस्ताद, काहीच ऐकू येत नाही… आता कुठं असेल ती?”

“रोज कळणार आहे का?”

जिनेंद्र मटकन खाली बसला. साखळी आणि पट्ट्याच्या मधोमध. एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखा रडला. मलाच कसंतरी झालं.

“खडीचं निमित्त होतं, उस्ताद,” तो म्हणाला. “तेलाचंही. रात्री पट्टा ठरवायचो, सकाळी मोडायचो. ती गेली की… मी कुणाला उचलू? दुसरं काही येतच नाही मला.”

उस्ताद त्याच्याशेजारी बसले. त्यांनी माझ्या हातातली कपबशी घेतली, स्वतः बशीत चहा ओतला आणि त्याच्यापुढं धरली. तो प्यायला.

मग खालून, फार खालून, विहिरीच्या तळातून यावी तशी हाक आली.

“दादाऽऽ! सरळ धावली रे! कुठल्याच बाजूला ओढली नाही!”

आणि हसणं. चांगलं खळखळून. ती एवढ्या मोठ्यानं हसते हे त्यालाही ठाऊक नसावं, कारण तो कितीतरी वेळ त्या धुक्याकडं बघत राहिला.

“आलो गं!” शेवटी तो ओरडला. बाहीनं तोंड पुसलं तर तेलाचा काळा पट्टा गालभर उमटला. त्यानं एका हातात साखळी घेतली, दुसऱ्या हातात पट्टा. साखळी खाली ठेवली. पुन्हा उचलली. पट्टा ठेवला.

“उस्ताद… मग खाली काय घेऊन जाऊ?”

“दोन्ही ने. आणि तिच्यापाशी पोचलास की तोंड उघडू नकोस. ती कशावर बोट ठेवते ते बघ.”