खाऱ्या विहिरीत मूठभर मीठ

वसईकडे, खाडीला लागून असलेल्या भाटोडी गावात फादर बर्नाबे मच्याडो राहत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून होऊ लागली तेव्हा फादरांनी जुनी लॅटिन मिस्सा सोडली नाही. त्यापायी त्यांचे चर्च सुटले. मग पेंढा ठेवायच्या खोपीत, वेदीकडे तोंड करून, ते रोज पहाटे मिस्सा करू लागले. पुढे तीनशे कुटुंबांनी त्यांना आपले पुढारी मानले. पण हा प्रसंग घडला तेव्हा खोपीत मोजून सात माणसे येत.

त्यांतली एक मार्सेलिनामावशी. नवरा वारलेला, मूल नाही. एक केळीची वाडी आणि तिला पाणी देणारी एक विहीर, एवढाच तिचा आधार. त्या एप्रिलमध्ये विहिरीत खाडीचे पाणी झिरपले. केळीची पाने कडेने करपू लागली. आठवड्यात गोडे पाणी मिळाले नाही तर वाडी जाणार आणि मावशीला गाव सोडावे लागणार, हे सगळ्यांना दिसत होते.

तिने फादरांचे पाय धरले. जुन्या विधीत मिठाला आशीर्वाद देण्याची प्रार्थना आहे; मीठ टाकून नासके पाणी शुद्ध करणाऱ्या एका संदेष्ट्याची आठवण तिच्यात येते. रविवारी मिस्सेनंतर फादरांनी ती म्हटली आणि मिठाची ताटली घेऊन ते विहिरीवर आले.

तिथे अर्धा गाव आधीच जमला होता. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणारे रॉक तुस्कानो सर परीक्षानळ्या आणि पाण्यात मीठ असले तर ते पांढरे करणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची बाटली घेऊन आले होते. देवाला मराठी कळत नाही काय, असे ते लोकांना विचारत होते. ताटली पाहताच ते म्हणाले, "मावशी, कालवण खारट झालं की तू वरून आणखी मीठ टाकतेस का गं?"

लोक खो खो हसले. मावशीने मान खाली घातली.

"तुझा विश्वास आहे?" फादरांनी तिला विचारले.

"आहे, फादर."

फादरांनी क्रुसाची खूण करून मीठ विहिरीत सोडले.

सरांनी लगेच पाणी काढायला लावले. नळीत बाटलीतले दोन थेंब टाकताच पाणी ताकासारखे पांढरे झाले. मीठ होते तिथेच होते! सर नळी उंच धरून सर्वांना दाखवू लागले.

"उपसत राहा," एवढेच फादर म्हणाले आणि गुडघे टेकून लॅटिनमधून एकेका संताचा धावा करू लागले. मावशीने दोर हाती घेतला. दहावा पोहरा वर आला. पांढरा. विसावा, तोही पांढरा. मावशीचे तळहात सोलले, तरी तिने दोर कुणाला दिला नाही. तिसाव्या पोहऱ्याला नळीत नुसता धुरकटपणा आला, आणि लोक काठाशी पुढे सरकले. पस्तिसावा पोहरा! सरांनी दोन थेंब टाकले, मग आणखी दोन. नळी स्वच्छ!

सरांना आपल्या बाटलीचीच शंका आली. ताटलीला चिकटलेले चार कण खरवडून त्यांनी त्याच नळीत टाकले. क्षणात पांढरा साका! म्हणजे बाटलीत खोट नव्हती. शेवटी त्यांनी पोहऱ्यात ओंजळ बुडवली आणि ते पाणी प्यायले. नारळपाण्यासारखे गोड होते.

नळी तिथेच ठेवून सर चिखलात गुडघ्यांवर आले आणि फादरांच्या हाताचे चुंबन घ्यायला वाकले. फादरांनी हात मागे घेतला.

"पस्तीस पोहरे मी नाही काढले," ते म्हणाले.

तुस्कानो सर वळले आणि मावशीच्या सोललेल्या तळहातांवर त्यांनी कपाळ टेकले.