टिंबीच्या खणात बेडूककाका

एक होतं अंगण. अंगणात होत्या दोन जुन्या मांडण्या. भिंतीला टेकलेल्या. शेजारी शेजारी. जुळ्या बहिणींसारख्या.

एकेका मांडणीला सहा खण. वर तीन, खाली तीन. एका खणात एकच जण. आणि नियम काय?

ज्या खणात तिकडे जो,
त्याच खणात इकडे तो!

तिकडे बेडूक खाली मधे, तर इकडेही बेडूक खाली मधे. तिकडे उंदरी वर मधे, तर इकडेही उंदरी वर मधे.

इकडच्या उंदरीचं नाव टिंबी. एवढीशी. तिच्या खणात कापसाची गादी. मऊ मऊ.

एक दिवस शेवंताबाई अंगण झाडायला आल्या. खर्रर्र खर्रर्र! खराटा आला इकडच्या मांडणीपाशी. सगळे घाबरले. सगळे पळाले.

खराटा गेला. टिंबी परत आली. तुरुतुरु, तुरुतुरु. डोळ्यांत झोप. तोंडात जांभई. बघते तर काय? गादीवर बेडूक! फतकल मारून बसलेला.

"बेडूककाका, उठा ना! ही माझी गादी."

"डरांव! उठून जाऊ कुठे? माझ्या खणात नाकतोडा बसलाय. तो उठला, तर मी उठेन."

टिंबी गेली नाकतोड्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नाकतोडेदादा, उठा ना!
नाकतोडेदादा उठले, तर बेडूककाका उठतील.
बेडूककाका उठले, तर माझी गादी मला मिळेल."

"किर्रर्र! मी का उठू? माझ्या खणात गोगलगाय शिरलीय. ती उठली, तर मी उठेन."

टिंबी गेली गोगलगाईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गोगलमावशी, उठा ना!
गोगलमावशी उठल्या, तर नाकतोडेदादा उठतील.
नाकतोडेदादा उठले, तर बेडूककाका उठतील.
बेडूककाका उठले, तर माझी गादी मला मिळेल."

"अगं बाळा, मी बसलेय कुठे? मी तर पळतेय! खराटा आला, तेव्हापासून पळतेय."

"खराटा केव्हाच गेला, मावशी."

"गेला? मग सांगायचं नाही का! पण आता माझ्या खणात सरडा आहे. तो उठला, तर मी उठेन."

टिंबी गेली सरड्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सरडेबुवा, उठा ना!
सरडेबुवा उठले, तर गोगलमावशी उठतील.
गोगलमावशी उठल्या, तर नाकतोडेदादा उठतील.
नाकतोडेदादा उठले, तर बेडूककाका उठतील.
बेडूककाका उठले, तर माझी गादी मला मिळेल."

"उठतो की! पण बसू कुठे?" सरडा म्हणाला. "दोन खण रिकामे. एक वरच्या कोपऱ्यात, एक खालच्या कोपऱ्यात. एक माझा, एक कुणाचाच नाही. माझा कुठला, तेच आठवेना."

सरडा वर गेला. सरसर, सरसर. "हा असेल?"
सरडा खाली गेला. सरसर, सरसर. "का हा असेल?"
आणि आला परत. गोगलगाईच्याच खणात!

"अहो, बसा ना कुठेतरी!" बेडूक ओरडला.

"कुठेतरी बसलो आणि चुकलो, तर? सगळे हसाल मला." सरडा लाजला. लाजून लाल लाल झाला.

टिंबीने नाक खाजवलं. मग ती हळूच म्हणाली,

"ज्या खणात तिकडे जो,
त्याच खणात इकडे तो!

थांबा. मी बघून येते."

टिंबी गेली तिकडच्या मांडणीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. तिकडे खराटा गेलाच नव्हता. जो तो आपापल्या खणात.

टिंबीने वरचा कोपरा पाहिला. रिकामा.
टिंबीने खालचा कोपरा पाहिला. तोही रिकामा!

आता? टिंबीचे डोळे भरून आले. आता गादी कशी मिळायची?

तेवढ्यात खालचा रिकामा खण शिंकला.

"आक्छी!"

"अगंबाई! खण शिंकला?"

"खण कसला शिंकतोय! मी शिंकले. केवढी ती धूळ!"

खणात होती सरडीबाई. लाकडावर बसलेली. लाकडाच्याच रंगाची. मग दिसणार कशी?

सरडीबाई म्हणाली, "काय गं? तुला हवाय का हा खण? उठू का मी?"

"नको, नको, नको! उठू नका! बसा, बसा, बसा!" टिंबी ओरडली. "सरडीबाई खालच्या कोपऱ्यात! सरडेबुवा, तुम्हीपण खालच्या कोपऱ्यात!"

मग काय!

सरडेबुवा उठले. सरसर, सरसर. बसले खालच्या कोपऱ्यात. आणि हिरवे हिरवे झाले.

सरडेबुवा उठले, तशा गोगलमावशी उठल्या. निघाल्या.
सगळे थांबले.
सगळे थांबले.
टिंबीने एक जांभई दिली. अजून एक दिली.
"आले, आले! पळतेच आहे मी!"
गोगलमावशी पोचल्या एकदाच्या.

गोगलमावशी उठल्या, तसे नाकतोडेदादा उठले. टण्! बसले आपल्या खणात.

नाकतोडेदादा उठले, तसे बेडूककाका उठले. टुणुक टुणुक! बसले आपल्या खणात.

बेडूककाका उठले आणि टिंबीला टिंबीची गादी मिळाली.

टिंबीने गादीवर उडी मारली. पचक्!

"बेडूककाका! गादी ओली केलीत!"

"डरांव! मी बेडूक आहे गं. मी ओलाच असतो."

खणाखणातून सगळे हसले. खी खी खी! टिंबीलाही हसू आलं. तिने गादी उलटी केली. ती बाजू कोरडी होती, मऊ मऊ होती. टिंबीने शेपटी पोटाशी घेतली आणि डोळे मिटले.

टिंबी निजली खणात,
गोष्ट राहिली मनात.