सगुणाक्काची चिंच

सांज झाली की चिंच आपली पानं मिटून घेते, हे तुम्ही कधी पाहिलंय का? नसेल तर आज पाहा. आणि पाहताना हिवरतळच्या सगुणाक्काची आठवण काढा. तिच्यासाठी एक चिंच एकदा जागी राहिली होती, असं म्हणतात.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा हिवरतळला शाळा नव्हती. सगुणाक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. वडिलांनी तिला अक्षरं शिकवली होती, तेवढंच तिचं धन. ती गावाबाहेरच्या चिंचेखाली बारीक धूळ पसरून बसायची आणि येईल त्या पोराला शिकवायची. चिंचेची पानं मिटली की सुट्टी.

तिची रीत मोठी गमतीची. ती एकदा शिकवायची आणि मग सगळं विसरल्याचं सोंग घ्यायची. "हा 'क' कुठून सुरू करायचा रे? शिकवा बघू मला." मग पोरं चढाओढीनं शिकवायची. अक्का मुद्दाम चुकायची, भलतंसलतं विचारायची, आणि पोरं कपाळाला हात लावायची.

"अक्का, तुला रोज कसं गं विसरायला होतं?"

"काय करू बाबा, डोकंच तसलं. पुन्हा सांग."

असं सांगता सांगता पोरं पक्की व्हायची. वाटेनं जाणारे गुराखी ऐकून ऐकून पाढे शिकले, आणि त्यांच्या म्हशीसुद्धा पाढ्यांच्या तालावर पाय टाकू लागल्या, असं म्हणतात.

फक्त एका पोरीपुढे अक्काचं काही चालेना. सिदबा कुंभाराची तानी. ती मागे बसायची आणि तोंड उघडायची नाही. अक्का तिचं बोट धरून धुळीत गिरवून घ्यायची, पुन्हा पुन्हा घ्यायची. हात सोडला की तानीचं बोट जागच्या जागी थांबायचं. पोरं चिडवायची, "तानीचं डोकं म्हणजे कच्चं मडकं! वरून ओता, खालून गळतंय!"

हे सिदबाच्या कानावर गेलं. तो तडक चिंचेखाली आला. "अक्का, लेकीचं हसं करायला न्हाई धाडली मी. भोगीच्या सांजेला येतो. तवर तिनं एक ओळ वाचून दाखवली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर संक्रांत झाली की मामाच्या भट्टीवर धाडतो."

आजवर अक्का काही येत नसल्याचं सोंग करायची. त्या दिवशी तिला खरंच काही सुचेना.

मग एके सकाळी ती सिदबाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. संक्रांतीची सुगडं करायची घाई होती. तानी चाकावर होती. अक्का पदर खोचून तिच्याशेजारी बसली. "तानी, मला सुगड करायला शिकव."

यात मात्र सोंग नव्हतं. अक्कानं चाकावर हात ठेवला आणि सुगड वाकडं झालं. दुसरं केलं, ते खचून खाली बसलं. तिसऱ्याचा चिखल तिच्या नाकावर उडाला, आणि तानी खळखळून हसली.

"अगं अक्का, माती दाबू नको! येऊ दे तिला वर."

अक्काचे हात थांबले. धुळीत दाबून धरलेलं ते इवलं बोट तिला आठवलं. ती म्हणाली, "चुकलंच गं माझं."

त्या दिवसापासून तिनं तानीचं बोट धरलं नाही. तिच्यापुढे ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि आपण बाजूला बसली. तानी मातीच्या वळ्या करायची, त्या वाकवून अक्षर जुळवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. अक्का नुसती विचारायची, "हे काय गं? मला शिकव." आणि तानी हळूहळू सांगू लागली.

भोगीची सांज आली. सिदबा येऊन उभा राहिला. तानी मातीची अक्षरं मांडत होती, पण तिचा हात सावकाश. दिवस बुडाला. "पानं मिटली की न्हेतो हिला," सिदबा म्हणाला. गावातल्या साऱ्या चिंचांनी पानं मिटली. ही एक मिटेना. अंधारून आलं, तरी पानं सताड उघडी, आणि त्यांच्यामधून तानीच्या हातावर उजेड झिरपत होता, असं म्हणतात. पोरं श्वास रोखून बसली. अक्काचा हात मदतीला पुढे झाला, आणि तिनं तो मागे घेतला.

शेवटचं अक्षर लागलं. तानीनं बोट ठेवून वाचलं, "माती दाबू नको. येऊ दे तिला वर."

मग चिंचेनं एकदम सगळी पानं मिटली.

आता हिवरतळला पक्की शाळा आहे. पण अजूनही संक्रांतीला नवं पोर सुगडावर आपल्या नावाचं मातीचं अक्षर चिकटवतं, त्यात बोरं, हरभरा, ऊस भरून ते चिंचेखाली ठेवतं. मास्तर जमिनीवर बसतात आणि म्हणतात, "हे काय? मला शिकव." पोरं आधी हसतात, मग शिकवतात.

पहिलं सुगड सिदबानं आणलं होतं. भोगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून चिंचेखाली आला, सुगड ठेवलं, आणि पोरांच्या मागे मांडी घालून बसला. "अक्का, माझं नाव कसं लिवत्यात?"

"मला काय ठाऊक?" अक्का म्हणाली. "तानीला विचार."

तानीनं बापापुढे मातीचा गोळा ठेवला, आणि त्याला पहिलं अक्षर शिकवलं.