चार बोटं जागा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फ्रीजवरचा हिरवा दिवा गेला, लाल लागला. आणि पायात चप्पलही न घालता भाग्यश्री मठाच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

"माझ्या हातून करायचं राहिलं तरी काय? तेवढं सांगा, आवडाई."

आवडाई, मठातल्या म्हाताऱ्या संन्यासिनी, चिंचा फोडत होत्या. काळपट वस्त्र, कापलेले केस, एका डोळ्यात मोतीबिंदू. हात थांबला नाही.

"आधी दंडवत तरी कर."

"दंडवत. लाल दिवा लागलाय."

"बस."

"बसायला वेळ नाही."

"मग उभी राहा. पण ऐकू येईल अशी उभी राहा."

भाग्यश्रीला दम लागला होता. तिनं खांबाला हात लावला.

भाग्यश्री आणि तिचा नवरा भरत मधमाश्यांच्या पेट्या घेऊन फिरणारी माणसं. जिथं फूल तिथं मुक्काम. फाल्गुनात बुलढाण्याच्या बाजूला बियाण्याच्या कांद्याला डोंगळे येतात, पांढरेशुभ्र, चेंडूसारखे. त्यांच्यावर माशी बसली तर बी धरतं. म्हणून शेतकरी बोलावतात आणि ही दोघं मठामागच्या कडुलिंबाखाली येऊन राहतात. हे तिसरं वर्ष. रोज संध्याकाळी भाग्यश्री आवडाईंपाशी घटकाभर बसायची. आवडाई फार बोलत नसत. तिला तेच बरं वाटायचं.

राहायला त्यांच्याकडं एक लहानसा कॅम्पिंगचा ट्रेलर होता. तळ्याकाठी तंबू लावणाऱ्या एका माणसानं काढून टाकलेला, तो भरतनं घेतला आणि पिकअपच्या मागं जोडला. आत दोन बाकडी, एक ओटा, एक खिडकी. वर सोलरचं पान. एवढ्यात तीन माणसं. तिसरी जुई, सहा वर्षांची.

गेल्या दिवाळीत जुईला साखरेचा आजार निघाला. आता रोज सुया, जन्मभर.

डॉक्टरबाईंनी सांगितलं त्या दिवशी भरत रडला. सासूबाई रडल्या. भाग्यश्री रडली नाही. तिनं पदर खोचला आणि विचारलं, "सुई कुठं टोचायची, दाखवा."

तेव्हापासून ती रडली नव्हती. याचा तिला अभिमान होता. कुणापाशी बोलून दाखवत नसे, पण होता.

इन्शुलिनची पुढची बेगमी फ्रीजमध्येच ठेवावी लागते. गरम झालं की वाया, गोठलं तरी वाया. भरत म्हणाला, "तू पोरीला घेऊन माहेरी राहा. मी एकटा फिरतो."

"आणि ती बापाला कधी बघणार? आखाडात?"

"मग काय करायचं?"

"गाडीत फ्रीज बसवू. तिघं फिरू."

"आणि नाही चालला तर?"

"तर मी आपण होऊन माहेरी जाते. तोंडातनं शब्द काढणार नाही."

असा बोल झाला होता. आणि आज लाल दिवा लागला होता.

आवडाईंनी चिंचोके बाजूला केले. "औषध कुठं आहे?"

"आतच. अजून गार आहे. पण किती वेळ राहील?"

"घेऊन ये."

ओसरीवरच्या माठाखालची वाळू नेहमी ओली असे. आवडाईंनी औषधाच्या बाटल्या पिशवीत घट्ट बांधायला लावल्या, पिशवी गाडग्यात, गाडगं वाळूत गळ्यापर्यंत. वरनं ओलं फडकं.

"संध्याकाळपर्यंत निभेल."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. चल, तुझा फ्रीज दाखव. मी काही पाहिलेला नाही बरं. फ्रीजचं पाणी जन्मात प्यायले नाही."

"मग बघून काय करणार?"

"बघत नाही मी. डोळे कुठं आहेत मला."

दोघी कडुलिंबाखाली आल्या. जुई सावलीत बाहुलीला सुई देत बसली होती. "घाबरायचं नाही हं, मुंगी चावल्यासारखं होतं," असं तिला समजावत होती.

भाग्यश्रीनं तिकडं बघितलं नाही. ती बोलत राहिली.

"घेताना मी उगाच नाही घेतला, आवडाई. दुकानदारानं आधी एक हलका रंगीत डबा पुढं केला. म्हणाला, वहिनी, सहलीला सगळे हाच नेतात. मी विचारलं, बाहेर चाळीस असलं तर आत किती? म्हणाला, गार राहतं की. म्हटलं, किती गार? म्हणाला, बाहेरच्यापेक्षा पुष्कळ. म्हटलं, दादा, माझ्या पोरीचं औषध पुष्कळावर चालत नाही. आकडा सांगा."

"सांगितला?"

"मालकाला बोलवायला गेला."

आवडाई हसल्या. दात नव्हते, पण हसू भरपूर.

"मग हा घेतला, मोटारवाला. गाडीच्या बॅटरीवर चालतो. उभ्या दाराचा नको म्हटलं. दार उघडलं की गारवा पाण्यासारखा खाली सांडतो. ह्याला वरनं झाकण, गारवा तळाशी बसून राहतो. मोठाही नको म्हटलं, रिकामी जागा गार करत कशाला बसायचं? यांनी बाकड्याखाली फळ्यांचा खोका केला. पट्ट्यांनी आवळला. बॅटरी भरलेली आहे, वायर घट्ट आहे, मी सगळं बघितलं. माझ्याकडनं काही राहिलेलं नाही."

"नाहीच राहिलं," आवडाई म्हणाल्या. "दिसतंय ते."

त्या ट्रेलरच्या पायरीवरनं आत गेल्या, बाकड्यापाशी बसल्या आणि फळीला कान लावला.

बराच वेळ...

"काय ऐकू येतं?" भाग्यश्रीनं विचारलं.

"गप."

आत मोटार मध्येच घुरघुरली, थरथरली, बंद पडली.

"धापा टाकतोय गं हा."

आवडाईंनी फळ्यांच्या फटीतनं हात घालायला बघितला. हात गेला नाही. बोटाला गोधडी लागली. त्यांनी ओढली. एक गोधडी आली. तिच्यामागनं दुसरी. मग जुनं लुगडं, जुईचा स्वेटर, एक उशी.

"अहो, ते काढू नका!" भाग्यश्रीनं उशी धरली. "शेतातल्या रस्त्यानं फार आदळतो. कोपरा फुटेल. आणि ऊन लागतं पत्र्याला. मी मुद्दाम चहूबाजूंनी बसवलंय, मुंगी शिरायला जागा ठेवली नाही."

"माझी आई त्याला झोपवते," जुई दारातनं म्हणाली. "बाबा म्हणाले, लग्न झाल्यापासनं मला कधी एवढं पांघरूण घातलं नाहीस."

"तू बाहेर खेळ."

"बाहुलीची साखर वाढलीय."

"मग तिला पाणी पाज."

जुई गेली. भाग्यश्रीनं उशी सोडली नव्हती.

आवडाई तिच्याकडं वळल्या. "भागू, मला एक सांग. मी बाहेरनं ऐकत असते तुझ्या पेट्या. दुपारी ऊन तापलं की पेटीच्या दाराशी मोठी घरघर चालते. माशा काय करतात तिथं?"

"वारा घालतात."

"कशाला?"

"आत तापलेलं असतं. दाराशी रांगेनं उभ्या राहतात, पंख हलवतात, आतली गरमी बाहेर ढकलतात. नाहीतर आतलं मेण वितळेल, पिल्लं मरतील." हे ती झोपेतही सांगू शकली असती.

"अशा वेळी दारात कुणी बोळा कोंबला तर?"

"कोण कोंबेल? वेड लागलंय का कुणाला?"

आवडाईंनी बाहेर काढलेल्या गोधड्यांवर हात ठेवला.

बाहेर डोंगळ्यांवर माशांचा आवाज एकसारखा चालू होता...

भाग्यश्रीची पकड सुटली. उशी खाली पडली.

आवडाईंनी तिचा हात धरला आणि फ्रीजच्या पाठीला, जाळीपाशी नेला. जाळी तापली होती. भाकरी टाकायच्या आधीच्या तव्यासारखी.

"आत कसं आहे?"

"गार."

"मग ही ऊब कुणाची?"

"...आतलीच."

"हां."

"मी त्याचं तोंडच बांधलं," भाग्यश्री पुटपुटली. "काळजीनं बांधलं, आवडाई."

"काळजीनंच बांधतात. रागानं कोण एवढ्या गोधड्या घालतं?"

दोघींनी मिळून पट्ट्या सोडल्या, फ्रीज पुढं ओढला. आवडाईंनी फ्रीजच्या पाठीमागं आपला पंजा उभा घातला. अंगठा मिटून, चार बोटं. बोटं भिंतीला लागेनात आणि फ्रीजलाही लागेनात, तेव्हा म्हणाल्या, "बास."

"आता चालू करू?"

"थांब की. दमलेल्याला लगेच उठवू नये."

खिडकी उघडी केली. दार उघडं. थोडा वारा आला. दोघी बाकड्यावर बसून राहिल्या. भाग्यश्रीला असं काही न करता बसायची सवय नव्हती. ती गोधड्यांच्या घड्या घालायला लागली. आवडाईंनी गोधडी तिच्या हातातनं काढून घेतली.

मग बटण दाबलं.

मोटार एकदा थरथरली... आणि लागली. एका सुरात, हळू. हिरवा दिवा.

भाग्यश्रीनं जाळीच्या मागं हात धरला. गरम वारा बोटांमधनं खिडकीकडं जात होता. झाकणावरचा, आत किती गार ते सांगणारा आकडा सावकाश उतरायला लागला.

"चालला," ती म्हणाली. "म्हंजे जायला नको. माहेरी."

"नको."

"यांना आज रात्रीच सांगायचं ठरवलं होतं मी. बांधाबांध मनात करूनसुद्धा झाली होती."

"हूं."

"पण मी रडले नाही हं, आवडाई. मघाशी लाल दिवा बघितला तरी नाही. डॉक्टरबाईंपुढं नाही, सुई टोचताना नाही, पोर 'आई, कधी संपणार?' म्हणाली तेव्हाही नाही. मी थंड राहते. मी थंड राहिले तर ती घाबरत नाही. तिच्यासाठी..."

आवडाईंनी हात उचलला आणि तिच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये टेकवला.

टेकवला आणि चटकन काढून घेतला. तव्यावरनं काढावा तसा.

फुंकर घातली आपल्या हातावर.

भाग्यश्री आधी हसली. मग तिचा चेहरा कसातरी झाला. मग जे आलं ते पोटातनं आलं, दिवाळीपासनं साठलेलं. आवडाईंनी तिला गप्प केलं नाही. "असू दे, असू दे" असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त बाजूची दुसरी खिडकी ढकलून उघडली.

आवाजानं जुई पळत आली. दारातच थबकली. हातात बाहुली.

"आईला काय झालं?"

"काही नाही. गार होतेय."

जुईनं थोडा विचार केला. मग आत आली, बाहुली आवडाईंच्या मांडीत दिली आणि आईच्या मागं जाऊन दोन्ही हातांनी तिच्या पाठीवर वारा घालायला लागली. पेटीच्या दारातल्या माशीसारखा, भराभरा.

संध्याकाळी भरत पलीकडच्या गावाहून आला तेव्हा गाडग्यातलं औषध परत फ्रीजमध्ये गेलं होतं. बाकड्याबाहेर गोधड्यांचा ढीग बघून तो म्हणाला, "हे काय? त्याचं पांघरूण काढलंस?"

"तुम्हीच घ्या आता," भाग्यश्री म्हणाली.

तिचे डोळे सुजले होते. भरतनं ते बघितलं. त्यानं फळीच्या दोन पट्ट्या कापल्या आणि फ्रीजच्या दोन्ही अंगांना ठोकल्या, म्हणजे रस्ता कितीही आदळला तरी मागची जागा बुजणार नाही. बाजूच्या फळीला भोकं पाडली. खोक्याखाली रबराचे तुकडे दिले.

डोंगळे सुकले. बी भरलं. पेट्या पिकअपवर चढल्या.

निघायच्या सकाळी भाग्यश्री दंडवत घालायला आली. या खेपेला आधी बसली.

"आवडाई, चाललाय तो. काल भर उन्हात चालला."

"ऐकलं मी. आता धापा नाहीत."

"मी रोज हात घालून बघते. मागनं गरम वारा येतो का ते."

"बघत जा."

"आणि..." भाग्यश्रीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कधी कधी दुपारी जुई झोपली की मी पेट्यांकडं जाते. एकटीच. थोडी गार होऊन येते."

आवडाईंनी मान हलवली.

भरतनं पिकअपचा हॉर्न दिला. जुई खिडकीतनं बाहुलीचा हात हलवत होती.

भाग्यश्री उठली. चार पावलं गेली आणि परत वळली. "तुम्हाला काय देऊ? मध ठेवलाय कोनाड्यात. पण आणखी काही..."

आवडाईंनी हात पुढं केला. वाटलं, काही मागतायत. पण हात उघडा नव्हता, उभा होता. अंगठा मिटून, चार बोटं.

"वाटेत जिचं लेकरू आजारी असेल अशी बाई भेटेल," त्या म्हणाल्या, "तिला एवढं सांगत जा."