पापडांची दुपार

एकदा एक कापडाचा व्यापारी मरणाच्या दारी येऊन टेकला. धाकटा मुलगा वारल्यावर त्याची विधवा सून मथुरा हिनेच नऊ वर्षे त्याची शुश्रूषा केली होती. थोरला मुलगा समोरच्याच घरात राहून सणावारापुरता डोकावत असे. स्वकष्टाने बांधलेले राहते घर मथुरेच्या नावे करावे, ही व्यापाऱ्याची अखेरची इच्छा होती. त्यासाठी त्याने गावातल्या वृद्ध कायदेपंडितांना बोलावले. सोबत त्यांचा शिष्य कागद व दौत घेऊन आला.

साक्षीला डॉक्टर आणि शाळेचे हेडमास्तर येताच पंडित मथुरेला म्हणाले, "मुली, समोर जावेकडे आज पापड लाटणे आहे ना? तिच्या हाताखाली बैस. माझा निरोप येईपर्यंत उठू नकोस."

"मामंजींना असं टाकून? पापड लाटू?" तिने विचारले.

"मी सांगतो म्हणून."

डोळ्यांना पदर लावून ती गेली. शिष्याच्या मस्तकात तिडीक उठली.

दार लागले. शिष्याने लिहिलेली प्रत्येक ओळ पंडितांनी व्यापाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. एक शब्द, एक धाप. मध्येच त्याने हाक मारली, "मथुरे, पाणी..." पाणी डॉक्टरांनी पाजले.

शिष्य कुजबुजला, "गुरुजी, तिला आणतो. हे असेच गेले, तर तिच्या जिवाला जन्माचा चटका लागेल."

"उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस." पंडितांनी बजावले.

सही झाली, साक्षी झाल्या. मग मात्र पंडित म्हणाले, "आता धाव!"

मथुरा पिठाळ हातांनी धावत आली. शेवटचा पाण्याचा घोट तिच्याच हातून गेला.

तेरावे आटोपल्यावर मृत्युपत्र वाचले गेले, तेव्हा थोरला कडाडला, "हे हिनेच उशाशी बसून लिहवून घेतलंय! हात धरून सही करवली. मी कोर्टात जाईन!"

डॉक्टर उसळले, पंडितांनी त्यांना खुणेने थांबवले आणि थोरल्याच्या पत्नीला विचारले, "सूनबाई, त्या दुपारी मथुरा कुठे होती?"

"कुठे म्हणजे? आमच्या ओसरीवर, माझ्यासमोर! मीच म्हटलं, सासरा मरायला टेकलाय आणि बाईसाहेबांना पापड सुचतायत..."

थोरल्याने खुंटीवरची टोपी उचलली आणि तो बाहेर पडला.

वाटेत शिष्य म्हणाला, "निदान तिला तरी कारण सांगायचे होते."

"सांगितले असते, तर लेखनात तीही सामील ठरली असती. ज्याला मिळायचे, तो लिहिताना खोलीत असला की संशय आत शिरतो. त्या दुपारी ती बाहेर बसली, म्हणून आता तिला त्या घराबाहेर कोणी काढू शकणार नाही."

"आणि व्यापारी तेवढ्यात गेला असता तर?"

पंडित थबकले. "तर तिचा तळतळाट मला लागला असता. तो सोसण्याची तयारी नसेल, त्याने दुसऱ्याचे मृत्युपत्र लिहायला बसू नये."

पुढे काही महिन्यांनी शिष्य एकटाच एका आजारी वृद्धेचे मृत्युपत्र लिहायला गेला. तिचा मुलगा तिचे पाय चेपत बसला होता. दौत उघडण्यापूर्वी शिष्य म्हणाला, "दादा, आपण जरा बाहेर बसा." त्या मुलाच्या डोळ्यांतला संताप त्याने शांतपणे सोसला आणि स्वतः उठून दार लावून घेतले.