महाराजांची वाकडी रेघ

"दुपारच्या पंगतीआधी माझा शिक्का खोटा उठवून दाखव. जमलं तर तुझा बाप सुटला. नाही जमलं तर जन्मभर कोठडीत," कुंकुमगडचे रणधवल महाराज म्हणाले आणि भिवराकडे बघत त्यांनी मिशीला पीळ दिला.

भिवरा ही मुद्राधर राघोजीची लेक. मुद्राधर म्हणजे राजाच्या फर्मानांवर शिक्का उठवणारा. तुम्ही म्हणाल, लाखेचा शिक्का. छे हो! कुंकुमगडात हत्ती होते, पालख्या होत्या, भालदार-चोपदार होते आणि काळ्या पडद्याचं एक यंत्रही होतं. गोष्ट माझी आहे, तेव्हा होतं म्हणजे होतं. त्यात हुकमाची एक ओळ लिहिली की शिक्का तयार.

शिक्क्याचं सगळं गणित एका वक्रावर चाले. शास्त्री त्याला विवृत्तीय वक्र म्हणत, शिपाई वाकडी रेघ म्हणत. त्या रेघेवर एक आरंभबिंदू ठरलेला. त्याला गुप्त आकड्यानं गुणलं की रेघेवरचाच दुसरा बिंदू मिळे. हा दुसरा बिंदू राघोजीनं सगळ्यांना दिसावा म्हणून वेशीवर कोरून घेतला होता. आकडा मात्र यंत्राच्या पोटात. शिक्का ज्या आकड्यानं उठवला, त्यानं आरंभबिंदूवरून वेशीवरचा बिंदू येतो, एवढं जुळलं की शिक्का खरा. नुसत्या बिंदूंवरून तो आकडा शोधायचा तर लाख वर्षं लागतात म्हणे. मोजायला कोणी बसलं नव्हतं.

रेघ कुठली, तर हुकमाच्या ओळीत राघोजी फक्त तिचं नाव लिही. शेजारची सगळी राज्यंही तीच रेघ वापरत. घोडं इथंच पेंड खाऊ लागलं.

"त्या शेजारच्या टिकोजीची रेघ मी वापरू?" महाराज एके दिवशी भडकले. "आणि फर्मानात तिचं नुसतं नाव? माझी बिरुदं वाचताना चोपदाराला दोनदा पाणी प्यावं लागतं. रेघेचाही तसाच थाट हवा. तिचे सगळे आकडे, आरंभबिंदू, सगळं फर्मानातच सविस्तर लिहा."

"लिहितो. पण ते खरं की खोटं, हे तपासणाऱ्यानं कशाशी ताडून बघायचं, महाराज?" राघोजीनं विचारलं.

"माझं फर्मान आणि ताडून बघायचं? फर्मानात लिहिलंय तेच खरं."

राजपंडित त्रिंबकशास्त्र्यांनी मान डोलावली. दरबारात त्यांचं मुख्य काम तेच होतं. त्यांनी तपासणीची यंत्रंही तशीच बसवून दिली.

"मग हा शिक्का कोणीही उठवील," राघोजी म्हणाला आणि संध्याकाळच्या आत कोठडीत गेला. भिवरा दरबारात येऊन म्हणाली, "बाबा खरं बोलले." म्हणून तर महाराजांनी तिला ही पंगतीची मुदत घातली.

बापाला दमा, कोठडीला ओल. हा पावसाळा काही तो काढत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिनं तोंडावर तसं दिसू दिलं नाही.

"बाबांचं यंत्र वापरू द्याल? त्यातला गुप्त आकडा हवा तर काढून घ्या. आणि वेशीवर जाऊन येऊ?"

"खुशाल जा," महाराज म्हणाले आणि त्यांनी यंत्रातला आकडा काढून घेतला.

शास्त्रीबुवा खुदकन हसले. "वेशीवरचा बिंदू बघून आकडा काढणार होय? पोरी, लाख वर्षं लागतील."

"मग निघते, बुवा. बाबांना वेळेवर जेवायची सवय आहे."

भिवरा वेशीवर गेली, तिथला बिंदू पाटीवर उतरवून आणला आणि यंत्रापुढं बसली. चार ओळी लिहिल्या, एक फर्मान कोठडीकडे धाडलं आणि दरबाराच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली.

पंगत मांडली गेली. महाराज पाटावर बसले. "काय गं, हरलीस ना?"

तेवढ्यात कोठडीवरचा नाईक राघोजीला हाताला धरून घेऊन आला.

"याला कोणी सोडला?" महाराज गरजले.

"आपणच, महाराज," नाईक चाचरत म्हणाला. "आपलं फर्मान आलं. यंत्रात घातलं, तर यंत्र म्हणालं, शिक्का खरा."

शास्त्रीबुवांनी स्वतः तपासलं. एकदा खरा. पुन्हा तपासलं, तरी खराच. बुवांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळू लागलं.

"म्हणजे हिनं माझा गुप्त आकडा शोधला?" महाराजांचा घास हातातच राहिला.

"नाही, महाराज. तो मला अजून ठाऊक नाही आणि नकोही," भिवरा म्हणाली. "आरंभबिंदू कुठला, हे फर्मानातच लिहायचं, हा आपला हुकूम. लिहिलंय तेच खरं, हाही आपलाच हुकूम. मग मी वेशीवरचा आपला बिंदूच आरंभबिंदू म्हणून लिहिला. आता त्याला कितीनं गुणलं की तोच बिंदू येतो?"

सगळी पंगत शास्त्रीबुवांकडे बघू लागली.

"एकानं," शास्त्रीबुवा पुटपुटले.

"तोच माझा गुप्त आकडा. त्यानंच शिक्का उठवला."

महाराजांनी फर्मान हिसकून घेतलं. "आणि खाली हे काय? 'राघोजीस सन्मानानं घरी बसवावं, त्याच्या जागी भिवरास मुद्राधर नेमावं.' हे मी कधी म्हटलं?"

"मग खोटं म्हणा, महाराज. फक्त यंत्र खरं म्हणतंय आणि फर्मानात लिहिलंय तेच खरं, हे आपण म्हणालात."

महाराज आधी लाल झाले, मग त्यांचे गाल फुगले आणि मग ते असे हसत सुटले की वाटीतली आमटी मांडीवर सांडली.

"बरं बाई, खरं तर खरं! पण उद्या दुसरा कोणी येऊन माझं सिंहासन स्वतःच्या नावे करील, त्याचं काय?"

"रेघ जगाची घ्यावी, महाराज. फर्मानात फक्त तिचं नाव. आकडा तेवढा आपला."

"घे मग जगाची!"

भिवरानं यंत्रात एक ओळ लिहिली. महाराजांची रेघ गेली, तपासणीची यंत्रं पुन्हा जगाच्या रेघेशी ताडून बघू लागली, वेशीवर नवा बिंदू कोरला गेला आणि नव्या शिक्क्याचं पहिलं फर्मान निघालं ते तिच्या नेमणुकीचं, शब्दाला शब्द तेच. महाराजांनी स्वतः त्यात शेवटी एक कलम घातलं: त्रिंबकशास्त्र्यांनी रोज सकाळी नव्या मुद्राधरांपुढं उभं राहून एकाचा पाढा म्हणावा.